पोलीस अधिकाऱ्याचा स्मरणलेख कसा लिहावा

घर, चर्च आणि समाज या तिन्ही ठिकाणी मनापासून वावरलेल्या पोलीस अधिकाऱ्याचे निधन झाले की स्मरणलेखाचे काम बहुधा अशा माणसाकडे येते, ज्याला त्याच्या आयुष्याची एकच बाजू नीट ठाऊक असते. सहकाऱ्याने लिहिले तर बदल्या, पदके आणि गाजलेले तपास येतात. मुलीने लिहिले तर घरातले बाबा येतात. चर्चच्या सचिवाने लिहिले तर समित्यांची यादी येते. उरलेली जागा मग ‘कर्तव्यदक्ष अधिकारी’, ‘प्रेमळ पिता’, ‘श्रद्धावान सभासद’ आणि ‘समाजाचा आधारस्तंभ’ अशा ठरलेल्या शब्दांनी भरली जाते. हे शब्द खोटे नसतात, पण ते कोणालाही लागू पडतात, आणि नाव बदलून तोच मजकूर दुसऱ्या अधिकाऱ्याच्या अंत्यविधीत वाचला तर फरक कोणाच्याही लक्षात येणार नाही. लिहिणाऱ्याचे खरे काम वेगळे आहे. ठाण्यातल्या लोकांनी पाहिलेला, घरच्यांनी पाहिलेला आणि चर्चमध्ये शेजारच्या बाकावरून पाहिलेला माणूस एकच होता, हे त्या तिन्ही गटांना एकाच वेळी दिसले पाहिजे. त्यासाठी लागणारी सामग्री कोठून मिळवावी, तिची जुळणी कशी करावी आणि त्यातले काय गाळावे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

मजकूर कशासाठी हवा आहे

एकाच निधनानंतर तीन वेगवेगळे मजकूर लागतात, आणि त्यांची सरमिसळ केली की तिन्ही बिघडतात. पहिला म्हणजे निधनाची सूचना: नाव, वय, पद, निकटचे नातलग, विधीची वेळ आणि ठिकाण, इतकेच. ती शंभर शब्दांत संपावी. दुसरा म्हणजे विधीच्या वेळी बोलायचे भाषण. सावकाश, थांबत वाचले तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, त्यामुळे पाच मिनिटांसाठी पाचशेच शब्द लिहावेत. दुःखात वाचणारा मध्ये थांबतो, हेही त्यात धरलेले असते. तिसरा म्हणजे सावकाशीने लिहायचा, छापून ठेवायचा लेख. पहिल्या दोन मजकुरांना फार तर दोन-तीन दिवस मिळतात. तिसऱ्याला काही महिने लागले तरी चालते, आणि खरे सांगायचे तर लागावेतच. या मार्गदर्शनाचा मोठा भाग दुसऱ्या आणि तिसऱ्या मजकुरासाठी आहे.

नोंदी आधी, आठवणी नंतर

आठवणी गोळा करण्यापूर्वी एका कागदावर तारखांचा सांगाडा तयार करावा. सेवेत दाखल झाल्याचे वर्ष, प्रशिक्षण, नेमणुका, पदोन्नत्या आणि निवृत्ती ही माहिती घरच्यांना तोंडपाठ असते असा समज असतो, पण ती विभागाच्या सेवानोंदींवरून तपासून घ्यावी, कारण घरात ‘त्या बदलीच्या वेळी’ अशी कालगणना चालते आणि तीत दोन-तीन वर्षे सहज इकडची तिकडे होतात. पद नोंदीत असेल तसेच लिहावे. पोलीस दलांची पदरचना देशागणिक वेगळी असते, त्यामुळे एका देशातल्या सार्जंटला आपल्या ओळखीच्या पदाचे नाव देऊ गेल्यास त्याचा दर्जा नकळत वाढतो किंवा घटतो. पदकाच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी: वीरतेसाठी मिळालेले पदक आणि दीर्घ, निष्कलंक सेवेसाठी मिळालेले पदक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्याला पहिल्याचे नाव दिले तर सभागृहात बसलेल्या प्रत्येक पोलिसाला ते खटकते.

मृत्यू कर्तव्य बजावताना झाला असेल, तर विभाग त्याची अधिकृत नोंद कोणत्या शब्दांत करतो ते विचारून तेच शब्द वापरावेत. ही नोंद केवळ सन्मानापुरती नसते. कुटुंबाला मिळणारे लाभ आणि स्मारकावर कोरले जाणारे नाव तिच्यावर अवलंबून असते. चौकशी चालू असेल तर कारणाबद्दल कुटुंबाने आणि विभागाने जाहीर केले आहे त्यापलीकडे एक शब्दही जाऊ नये.

चर्चकडे बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा विधी) आणि विवाह यांच्या नोंदवह्या असतात. त्यांतून तारखा मिळतात, शिवाय कधी कधी अनपेक्षित माहितीही मिळते, उदाहरणार्थ तो कोणाकोणाचा धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धार्मिक जबाबदारी घेणारा, होता. ही नावे घरच्यांनाही सगळी आठवत नाहीत. चर्चमधील त्याची जबाबदारी नेमकी लिहावी. चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळाचा सदस्य, खजिनदार, संडे स्कूलचा शिक्षक आणि गायकवृंदातला गायक ही चार वेगळी कामे आहेत. ‘चर्चच्या कामात सक्रिय’ असे म्हटल्याने चारही पुसली जातात. शब्दांची आणि उपाधींचीही खबरदारी घ्यावी लागते. मराठीत हात आपसूक ‘कै.’ लिहून जातो, पण ख्रिस्ती कुटुंबासाठी ‘दिवंगत’ किंवा ‘ख्रिस्तवासी’ हे शब्द योग्य ठरतात, आणि पाळक, फादर, उपासना, मिस्सा (कॅथलिक उपासना) यांपैकी कोणता शब्द त्या चर्चमध्ये चालतो ते एकदा विचारून घ्यावे.

कोणाला विचारावे आणि काय

आठवणी विचारताना सर्वांत निरुपयोगी प्रश्न म्हणजे ‘ते कसे होते?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून विशेषणेच मिळतात. त्याऐवजी प्रसंग मागावा, आणि प्रसंगही कामाच्या भाषेत मागावा. रात्रपाळी करून आल्यावर ते पहिल्यांदा काय करत? मुलांच्या शाळेतला एखादा कार्यक्रम चुकला तर त्याची भरपाई कशी करत? ठाण्यात नवा शिपाई आला की त्याला पहिल्या आठवड्यात काय शिकवत? मृत्यूची बातमी कोणाच्या घरी द्यायची वेळ आली तर स्वतः जात की कोणाला पाठवत? उपासनेनंतर लगेच निघून जात की खुर्च्या उचलायला थांबत? अशा प्रश्नांना सहसा खरी उत्तरे मिळतात, कारण त्यांत स्तुती करण्याची सक्ती नसते.

माणसे निवडतानाही थोडे वेगळे चालावे. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी दिलेला शोकसंदेश सन्मानासाठी ठेवावा, पण लेखाची सामग्री हाताखालच्या लोकांकडून येते: गाडी चालवणारा, वायरलेसवर बसणारा, ठाण्यातला कारकून, रात्री गस्तीला बरोबर असणारा जोडीदार. अधिकारी हाताखालच्या माणसाशी थकलेल्या अवस्थेत कसा बोलत असे, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते. चर्चमध्ये पाळकांशी बोलावेच, पण कुलपे लावणारा सेवक, संडे स्कूलमधून आता मोठी झालेली मुले आणि आजारपणात ज्यांच्या घरी तो जात असे ती वृद्ध माणसे यांनाही विचारावे. वस्तीत चौकशी करताना ज्यांची त्याच्याकडे तक्रारदार म्हणून गाठ पडली अशी माणसे मिळाली तर उत्तमच. ज्याला त्याने कधी काळी पकडले होते आणि जो आता सरळ मार्गाला लागला आहे, असा माणूस स्वतःहून बोलायला आला तर त्याचे नीट ऐकावे. मात्र त्याला शोधत कोणी जाऊ नये, आणि त्याचे नाव त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय कोठेही येऊ नये.

घरच्यांशी बोलणे सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी वेळ ठेवावे. पहिल्या दोन दिवसांत पत्नीला किंवा पतीला एकाच गोष्टीसाठी चार माणसे विचारत असतात. आपण पाचवे होऊ नये. शक्य असल्यास एका नातलगाला मध्यस्थ करावे आणि प्रश्न त्याच्यामार्फत पाठवावेत. लहान मुलांना काही विचारू नये. त्यांनी स्वतः काही सांगितले तर त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावे आणि ते वापरण्याआधी घरच्या मोठ्यांना दाखवावे.

पोलिसांच्या गोष्टींबद्दल एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. ठाण्यात सांगितल्या जाणाऱ्या शौर्यकथा सांगण्यागणिक वाढतात. पहिल्या वेळी दोन हल्लेखोर असतात, निवृत्तीच्या समारंभात ते पाच होतात आणि अंत्यविधीपर्यंत त्यांच्या हातात शस्त्रेही आलेली असतात. यात कोणी मुद्दाम खोटे बोलत नसते. प्रेमाने सांगितलेली गोष्ट अशीच मोठी होते. म्हणून प्रत्येक महत्त्वाचा प्रसंग दोन स्वतंत्र माणसांकडून ऐकावा, आणि दोघांच्या सांगण्यात जो भाग सारखा असेल तेवढाच लिहावा. उरलेला भाग बहुधा लागतही नाही.

वेळापत्रकात सापडणारा माणूस

घर, चर्च आणि समाज यांच्याशी असलेली निष्ठा पोलिसाच्या आयुष्यात कोठे दिसते, याचे माझ्या मते एकच खात्रीचे उत्तर आहे: त्याने उरलेल्या वेळाचे काय केले यात. इतरांना सुट्टी असते तेव्हा पोलिसाला बंदोबस्त असतो. नाताळच्या मध्यरात्रीची उपासना, गुड फ्रायडे, ईस्टरची पहाट, वर्षअखेरची रात्र या सगळ्या वेळी गर्दी रस्त्यावर असते आणि म्हणून तोही रस्त्यावर असतो. पाळ्या फिरत्या असतात, साप्ताहिक सुट्टी ठरल्या दिवशी मिळेलच असे नसते, आणि निघता निघता आलेला एक फोन संध्याकाळचा सगळा बेत मोडतो. अशा माणसाबद्दल ‘त्यांनी एकही रविवार चुकवला नाही’ असे लिहिले, तर ज्यांनी त्याच्याबरोबर रविवारची पाळी केली आहे ते समोरच बसलेले असतात. हे वाक्य सेवेत असलेल्या जवळजवळ कोणत्याही पोलिसाबद्दल खरे नसते.

खरी गोष्ट मात्र त्या खोट्या वाक्यापेक्षा नेहमीच चांगली निघते. समजा, चौकशी करता असे कळले की रविवारी सकाळी पाळी असली की तो पहाटेच्या उपासनेला येई, गणवेश घातलेला असल्यामुळे दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसे, वायरलेसचा आवाज अगदी बारीक करून ठेवी आणि आशीर्वादाच्या आधी निघून जाई. त्यामुळे कित्येक सभासदांना तो उपासनेला येतो हेच ठाऊक नव्हते. या एका तपशिलात ठाणे आणि चर्च एकत्र येतात, आणि ‘श्रद्धावान’ हा शब्द लिहिण्याची गरज उरत नाही. त्याचप्रमाणे घराबाबत ‘कुटुंबवत्सल’ लिहिण्याऐवजी, मुलांचे वाढदिवस पाळीप्रमाणे पुढेमागे साजरे होत आणि घरात त्याची कोणाला तक्रार नव्हती, किंवा तक्रार होती आणि ती त्याला माहीत होती, असे लिहिता येते. दुसरा पर्याय खरा असेल तर तोच लिहावा.

म्हणून सामग्री गोळा झाल्यावर एक काम आवर्जून करावे. एका कागदावर त्याच्या नोकरीतला एक नेहमीचा आठवडा मांडावा: कोणती पाळी, झोप कधी, घरी कधी, चर्चमध्ये कधी, वस्तीतल्या मुलांना खेळ शिकवायला किंवा व्यसनमुक्तीच्या बैठकीला कधी. हा आठवडा लेखात जसाच्या तसा छापायचा नाही. पण तो समोर असला की कोणत्या तासाला काहीतरी किंमत मोजून तो कोठे गेला हे दिसू लागते, आणि लेखाचा मधला भाग तेथेच सापडतो. निवृत्तीनंतरच्या वर्षांसाठीही हाच प्रयोग करावा. हातात सगळा वेळ आल्यावर माणूस काय करतो, यावरून आधीच्या धावपळीतली त्याची निवड मनापासूनची होती की सक्तीची, ते कळते.

अधिकारी स्त्री असेल तर एका जुन्या सवयीपासून लेखणी जपावी लागते. पुरुष अधिकाऱ्याच्या लेखात सेवा आधी येते आणि घर मागाहून. स्त्री अधिकाऱ्याच्या लेखात मात्र ‘घर सांभाळून नोकरी केली’ हे पहिल्याच परिच्छेदात येते. दोघांसाठी क्रम एकच ठेवावा, आणि जो प्रश्न पुरुषाबाबत कोणी विचारला नसता तो तिच्याबाबतही विचारू नये.

शास्त्रवचनाची निवड आणि चर्चचे नियम

बायबलमध्ये अधिकारपदावरच्या माणसांची काही वर्णने आहेत आणि ती पोलिसाच्या स्मरणलेखाला उपयोगी पडतात. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायाचे दुसरे वचन कैसरियातल्या कर्नेल्य नावाच्या शताधिपतीबद्दल, म्हणजे शंभर सैनिकांवरच्या रोमी अधिकाऱ्याबद्दल, आहे. तो भक्तिमान होता, सगळ्या घराण्यासह देवाचे भय बाळगत होता, लोकांना पुष्कळ दानधर्म करत होता आणि नित्य प्रार्थना करत होता, एवढे एका वाक्यात सांगून लेखक पुढे जातो. घर, श्रद्धा आणि समाज तिन्ही त्यात आले आहेत. लांबलचक स्तुती लिहिण्याचा मोह झाला तर हे वचन समोर ठेवावे. लूकच्या सातव्या अध्यायात कफर्णहूमच्या शताधिपतीची शिफारस यहूदी समाजातले वडीलधारे पुढारी करतात, आणि कारण म्हणून सांगतात की तो आमच्या राष्ट्रावर प्रेम करतो व त्याने आमचे सभास्थान बांधून दिले आहे. इथे अधिकाऱ्याची साक्ष त्याच्या दलाबाहेरची माणसे देत आहेत, आणि वस्तीतल्या लोकांकडे का जावे याचे याहून चांगले कारण सांगता येणार नाही. लूकच्या तिसऱ्या अध्यायात शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला ‘आम्ही काय करावे’ असे विचारतात, तेव्हा तो त्यांना नोकरी सोडायला सांगत नाही. जुलूम करून पैसे घेऊ नका, खोटा आरोप करू नका आणि आपल्या पगारात समाधानी राहा, एवढेच सांगतो. ज्याच्या सचोटीबद्दल सगळ्यांचे एकमत आहे अशा अधिकाऱ्यासाठी हा उतारा फार नेमका ठरतो. मत्तयच्या पाचव्या अध्यायातले शांती करणाऱ्यांविषयीचे वचन पोलिसांच्या स्मरणसभांत वारंवार वाचले जाते. ते वापरण्यास हरकत नाही, पण त्याच्या स्वतःच्या बायबलमध्ये एखादे वचन अधोरेखित केलेले सापडले तर प्राधान्य त्याला द्यावे.

उपासनेत कोण, कधी आणि किती बोलणार हे लिहायला बसण्यापूर्वी पाळकांना किंवा फादरांना विचारावे. कॅथलिक परंपरेत मिस्साच्या विधिविषयक सामान्य सूचनांतील ३८२वा परिच्छेद सांगतो की अंत्यविधीच्या मिस्सात छोटे प्रवचन असावे, पण मृताचे गुणगान करणारे भाषण त्याच्या जागी नसावे. कम्युनिअननंतरच्या (प्रभुभोजनानंतरच्या) प्रार्थनेनंतर आणि अंतिम निरोपाआधी कुटुंबातला किंवा मित्रपरिवारातला एक जण आठवणीचे थोडे शब्द बोलू शकतो. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सहसा अधिक मोकळीक असते, तरी तिथेही पाच वक्ते झाल्यावर सहावा कोणी ऐकत नाही. लांब भाषण, विभागाचे मानपत्र आणि सहकाऱ्यांच्या आठवणी यांच्यासाठी उपासनेनंतरची सभा किंवा आदल्या संध्याकाळची प्रार्थनासभा अधिक योग्य असते.

शासकीय इतमामात निरोप द्यायचा असेल तर ध्वज, सलामी आणि चर्चचा विधी यांचा क्रम आधीच ठरलेला असावा. कॅथलिक अंत्यविधीच्या नियमाप्रमाणे शवपेटीवरचा राष्ट्रध्वज किंवा संघटनेचे चिन्ह चर्चच्या दाराशी काढले जाते, आत शवपेटीवर पांढरे वस्त्र घातले जाते आणि शवपेटी बाहेर आणल्यावर ध्वज पुन्हा ठेवता येतो. हे आधी माहीत नसले तर मानवंदना देणाऱ्या तुकडीला तो अपमान वाटू शकतो. विभागाचा समन्वय अधिकारी आणि पाळक यांची दहा मिनिटांची भेट घडवून आणली की असे गैरसमज टळतात. सलामीच्या बंदुकांच्या आवाजाची कल्पना लहान मुलांना आणि गोळीबारात नातलग गमावलेल्यांना आधी दिलेली असावी.

काय गाळावे

तपासांच्या गोष्टी सर्वांना ऐकायच्या असतात आणि नेमक्या त्याच सर्वांत धोक्याच्या असतात. कोणत्याही प्रकरणातील पीडित, साक्षीदार, खबरे आणि अल्पवयीन यांची ओळख पटेल असा तपशील येता कामा नये. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे हा अनेक देशांत गुन्हा आहे, आणि भारतात तो भारतीय न्याय संहितेच्या ७२व्या कलमाखाली येतो. स्मरणलेख आहे म्हणून त्यातून सुटका होत नाही. चालू खटल्याचा उल्लेखच टाळावा. नाव न घेताही गाव, वर्ष आणि प्रसंग एकत्र आले की माणूस ओळखू येतो, हे लक्षात ठेवून तीनपैकी किमान दोन गोष्टी गाळाव्यात.

कुटुंबाची सुरक्षितता हा दुसरा मुद्दा आहे आणि पोलिसाच्या घराबाबत तो इतरांपेक्षा अधिक गंभीर असतो, कारण त्याच्यावर राग धरणारी माणसेही बातमी वाचत असतात. घराचा पत्ता, मुलांच्या शाळांची नावे, पूर्ण जन्मतारखा आणि कोण कोठे एकटे राहते हे लिहू नये. अंत्यविधीची वेळ जाहीर होते म्हणजे त्या वेळी घर रिकामे असणार हेही जाहीर होते; त्या दिवशी घरी कोणीतरी थांबेल अशी व्यवस्था शेजाऱ्यांनी किंवा सहकाऱ्यांनी करावी.

दोष लिहावेत का, हा प्रश्न दर वेळी येतो. विधीतल्या भाषणात फारसे नाहीत. पण दीर्घ लेखात एखादी खरी उणीव आली तर बाकीच्या मजकुराला वजन येते. तो रागीट होता आणि रागावल्यानंतर माफी मागायला त्याला दोन दिवस लागत, पण तो मागत असे; किंवा मुलांच्या बालपणाची बरीच वर्षे त्याच्या हातून निसटली आणि नातवंडांच्या वेळी त्याने ती भरून काढण्याचा प्रयत्न केला. हे वाक्य लिहिण्याचा अधिकार मात्र घरच्यांचा आहे. ते त्यांनी सांगितले असेल आणि छापायला संमती दिली असेल तरच लिहावे. सेवेत त्याच्यावर जाहीर आरोप किंवा कारवाई झाली असेल तर ती झालीच नाही असे भासवू नये. तिचा विषय काढायचा नसेल तर ‘निष्कलंक’ हा शब्दही वापरू नये.

आत्महत्येने मृत्यू झाला असेल तर पद्धत, ठिकाण आणि चिठ्ठी यांचा उल्लेख पूर्ण टाळावा, एकाच कारणावर बोट ठेवू नये, आणि खोटे कारणही रचू नये. ‘अकाली निधन’ एवढे पुरते, आणि कुटुंबाला स्पष्ट लिहायचे असेल तर त्यांच्या शब्दांत एका वाक्यात लिहावे. पोलीस दलांत या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी बदलत आहे. अमेरिकेने २०२२ साली कायदा करून सेवेतल्या आघातांशी जोडलेल्या काही आत्महत्यांनाही कर्तव्यावरील मृत्यूच्या लाभांत आणले. अशा माणसाच्या सेवेची वर्षे, घरावरचे प्रेम आणि चर्चमधले काम त्याच्या शेवटच्या दिवसामुळे खोटे ठरत नाही, म्हणून लेखाची लांबी आणि सूरही इतरांसारखाच ठेवावा.

लेखन आणि वाचन

सुरुवात जन्मतारखेने करू नये आणि मृत्यूनेही करू नये. आठवड्याच्या त्या कागदावरून मिळालेला, घर, ठाणे आणि चर्च यांपैकी किमान दोन जोडणारा तपशील पहिल्या परिच्छेदात ठेवावा; जन्म, शिक्षण आणि सेवेचा क्रम दुसऱ्या परिच्छेदात थोडक्यात उरकावा. पुढे घर, ठाणे आणि चर्च असे तीन स्वतंत्र भाग पाडण्याचा मोह आवरावा, कारण तसे केल्याने जे तुकडे जोडायचे तेच पुन्हा वेगळे होतात. त्याऐवजी दोन किंवा तीन प्रसंग निवडून ते सविस्तर सांगावेत आणि बाकीचे सोडून द्यावेत. मृत्यूला जागा थोडीच द्यावी. वॉशिंग्टनमध्ये १९९१ साली उभारलेल्या राष्ट्रीय पोलीस स्मारकावर एका पोलिसाच्या विधवेचे शब्द कोरलेले आहेत. हे अधिकारी वीर ठरले ते कसे मरण पावले यामुळे नव्हे तर कसे जगले यामुळे, असा त्यांचा आशय आहे. कर्तव्यावर मृत्यू आलेल्या अधिकाऱ्याच्या लेखात शेवटच्या अर्ध्या तासाचे वर्णन तीस वर्षांच्या सेवेपेक्षा लांब होऊ लागले, तर हा आशय आठवावा.

पहिला मसुदा झाल्यावर प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारावी आणि त्याच्यामागे प्रसंग आहे का ते पाहावे. प्रसंग असेल तर विशेषण काढून टाकावे. नसेल तर प्रसंग शोधावा किंवा दोन्ही सोडावीत. मग मजकूर मोठ्याने वाचावा. ज्या वाक्यात श्वास संपतो ते वाक्य भाषणासाठी तोडावे, छापील लेखात ते तसेच राहिले तरी चालते. भाषण वाचणारा भावनावेगाने थांबला तर पुढचे वाचायला दुसरा एक जण मोठ्या अक्षरांतली प्रत घेऊन पहिल्या रांगेत बसलेला असावा.

शेवटची तपासणी तिघांकडून करून घ्यावी: नावे, नाती आणि त्यांचा क्रम घरच्या एका व्यक्तीकडून, पदे, तारखा आणि प्रकरणांचे उल्लेख विभागातल्या एका अधिकाऱ्याकडून, वचने आणि विधीचे शब्द पाळकांकडून. नातलगांच्या यादीत सावत्र मुले, आधीच्या विवाहातली मुले आणि दुरावलेली भावंडे यांच्याबद्दल अंदाज बांधू नये. या यादीतली एक चूक बाकीचा सगळा लेख विसरायला लावते.

पुढच्या वर्षांसाठी

स्मरणाचे दिवस आधीच ठरलेले असतात आणि लेखाची सुधारित आवृत्ती वाचायला ते उपयोगी पडतात. भारतात २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन आहे, कारण १९५९ साली त्या दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात दहा पोलीस जवान मृत्युमुखी पडले; दिल्लीतील चाणक्यपुरीचे राष्ट्रीय पोलीस स्मारक २०१८ साली याच तारखेला राष्ट्राला अर्पण झाले, आणि स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर मृत्यू आलेल्यांची नावे तेथील भिंतीवर आहेत. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १९६२ साली १५ मे हा दिवस यासाठी नेमला. ब्रिटनमध्ये २००४ पासून राष्ट्रीय पोलीस स्मृतिदिन २९ सप्टेंबरच्या आसपासच्या रविवारी पाळतात, तर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तो २९ सप्टेंबरलाच असतो. हा आद्यदेवदूत मीखाएलचा सण आहे आणि मीखाएलला पोलिसांचा आश्रयदाता संत मानतात. कॅथलिक चर्चमध्ये २ नोव्हेंबरला सर्व मृत विश्वासणाऱ्यांचे स्मरण होते. कर्तव्य बजावताना नव्हे तर निवृत्तीनंतर निधन पावलेल्या अधिकाऱ्याचे नाव स्मारकाच्या भिंतीवर येत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी चर्चमधला हा दिवस अधिक महत्त्वाचा ठरतो.

अंतिम लेखाच्या तीन छापील प्रती काढाव्यात आणि कुटुंबाकडे, चर्चच्या दप्तरात व ठाण्यात एकेक द्यावी. प्रत्येक प्रतीवर लेखकाचे नाव, तारीख आणि आठवणी सांगणाऱ्यांची नावे असावीत. छायाचित्रांच्या मागे पेन्सिलीने माणसांची नावे डावीकडून उजवीकडे लिहून ठेवावीत, कारण दहा वर्षांनी गणवेशातली सगळी माणसे सारखीच दिसू लागतात. ओळखपत्र, बिल्ला आणि गणवेश यांपैकी काय विभागाला परत करायचे आणि काय घरी ठेवता येते हे लेखी विचारून घ्यावे. मुलाखतींची मूळ टिपणे आणि ध्वनिमुद्रणे कुटुंबाच्या स्वाधीन करावीत. मात्र ‘हे छापू नका’ या अटीवर कोणी काही सांगितले असेल तर ती पाने त्याआधी वेगळी काढून ज्याची त्याला परत करावीत.